टाइमग्राफरवरचा देखणा आकडा: एका जुन्या स्वयंचलित घड्याळाच्या खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

2023 सालच्या मार्च महिन्यात सातारा भागात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी रोजच्या वापरासाठी यांत्रिक मनगटी घड्याळ घेण्याचे ठरवले. त्यांना आपण येथे सर म्हणू. त्यांच्या वडिलांचे चावीचे एचएमटी घड्याळ वाटणीत थोरल्या भावाकडे गेले होते, आणि सकाळी आंघोळ झाली की पहिल्यांदा घड्याळाला चावी देणारे वडील त्यांच्या डोळ्यांसमोर अजून होते. तरीही त्यांना आठवण म्हणून कपाटात ठेवायची वस्तू नको होती. घड्याळ फळ्यासमोर, प्रयोगशाळेत आणि एसटीच्या प्रवासात रोज वापरता यावे आणि दहा वर्षांनीही पुण्यात किंवा साताऱ्यात कोणीतरी ते दुरुस्त करू शकावे, एवढ्या त्यांच्या दोन अटी होत्या. सर्व्हिसिंगसकट एकूण खर्च 30,000 रुपयांच्या आत बसायला हवा होता.

या प्रकरणाशी माझा संबंध सल्लागाराचा. नोकरीची सगळी वर्षे मी मोजमापाच्या उपकरणांमध्ये घालवली आहेत. घड्याळे उघडणे हा छंद आहे, पोटापाण्याचा धंदा नव्हे. माझ्याकडे एक साधा टाइमग्राफर आहे, म्हणजे घड्याळाची टिकटिक मायक्रोफोनने ऐकून त्यावरून मशीनची चाल काढणारे यंत्र. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, मात्र मोजमापाचे आकडे माझ्या वहीत नोंदले होते तसेच दिले आहेत.

अडचण नेमकी कोणती होती

सरांचा पहिला प्रश्न बहुतेक सगळे विचारतात तोच होता: अमुक मशीन भरवशाचे आहे का? या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पहिला आराखड्याचा, म्हणजे त्या मशीनची मूळ रचना काळाच्या कसोटीला उतरली आहे का. दुसरा प्रतीचा, म्हणजे दर्जाचा, कारण एकच आराखडा कारखान्यातून वेगवेगळ्या प्रतींत बाहेर पडतो. तिसरा प्रश्न हातात असलेल्या त्या एका नगाचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वाचून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर फक्त तो नग तपासूनच मिळते. जुन्या घड्याळाच्या बाबतीत तर जवळजवळ सगळा भार या तिसऱ्या प्रश्नावर असतो.

सरांच्या डोक्यात एक आकडा पक्का बसला होता: घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाते. भौतिकशास्त्राच्या माणसाला अचूकतेचे आकर्षण असणे समजण्यासारखे आहे. दिवसाला पाच सेकंदांची चूक म्हणजे 86,400 मध्ये पाच, साधारण 0.006 टक्के, केवळ स्प्रिंग, चाके आणि तेल यांवर चालणाऱ्या वस्तूने हे साधावे याचे नवल वाटतेच. परंतु भरवसा जोखताना हाच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो, आणि पुढे या प्रकरणात जे घडले ते सगळे या एका मुद्द्याभोवती फिरते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच एचएमटीचा होता. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळुरूमध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची हाताने चावी देण्याची 17 ज्वेलची (ज्वेल म्हणजे चाकांच्या आसांची टोके ज्यांत फिरतात ते खडे) मशीन साधी, दणकट आणि आजही जुन्या घड्याळजींच्या हातात बसलेली आहेत. तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. सरांना ऑनलाइन एक ‘जनता’ 3,500 रुपयांना मिळाले होते. जाहिरातीत ‘पूर्ण सर्व्हिस केलेले’ असे लिहिले होते आणि परत करण्याची सोय असल्याने त्यांनी ते मागवलेही. पाकीट उघडले तेव्हाच शंका आली, कारण तबकडीचा भडक मोरपिशी रंग आणि अक्षरांचा फुगीरपणा जुन्या तबकड्यांशी जुळत नव्हता. मागचे झाकण काढल्यावर उरलासुरला विश्वासही गेला. स्क्रूंच्या खाचा विद्रूप झालेल्या होत्या, चावीच्या दांडीवर गंज होता, बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झोके घेत वेळ मोजणारे चाक, त्याच्यावरच्या पुलाची (चाक धरून ठेवणाऱ्या पट्टीची) झळाळी शेजारच्या पुलांपेक्षा वेगळी होती, म्हणजे तो भाग दुसऱ्या एखाद्या घड्याळातून आलेला होता. दिवसाला 95 सेकंद पुढे, आणि बॅलन्स व्हीलचा झोका जेमतेम 190 अंश. जुन्या सुट्या भागांची जुळवाजुळव करून, नवी रंगीत तबकडी बसवून विकल्या जाणाऱ्या अशा घड्याळांना संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आराखडा उत्तम आणि नग टाकाऊ, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. घड्याळ परत गेले. चांगल्या अवस्थेतले एचएमटी मिळतेही, पण केंद्र सरकारने 2016 साली घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतल्यामुळे सुटे भाग आता जुन्या साठ्यातून किंवा दुसरे घड्याळ मोडूनच मिळवावे लागतात, आणि सरांना ती शोधाशोध नको होती.

दुसरा पर्याय नव्या जपानी स्वयंचलित घड्याळाचा होता. सेइकोच्या कारखान्यात बनणारे एनएच 35 हे 24 ज्वेलचे मशीन अनेक छोट्या ब्रँडांच्या घड्याळांत असते. तासाला 21,600 ठोके, पूर्ण चावीवर सुमारे 41 तास चाल, आणि कागदावर दिवसाला उणे 20 ते अधिक 40 सेकंदांची मुभा. सेइकोच्या स्वतःच्या घड्याळांत त्याच घराण्यातले 4आर 35 असते आणि त्याची कागदावरची मुभा उणे 35 ते अधिक 45 अशी आहे. रचना जवळजवळ तीच असताना मुभा वेगळी, हे पाहून सर चक्रावले. कागदावरची मुभा ही कंपनीने स्वीकारलेली जबाबदारी असते, मशीनची कुवत नव्हे, असे त्यांना समजावून सांगितले. प्रत्यक्षात अशी घड्याळे बहुधा त्या मर्यादेच्या बरीच आत चालतात. या मशीनचा मोठा गुण म्हणजे बिघडले तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता अख्खे नवे मशीन बसवता येते आणि ते परवडतेही. असे घड्याळ 18,000 रुपयांपर्यंत मिळत होते.

तिसरा पर्याय सरांच्या मनात भरला होता. पुण्यातले एक गृहस्थ आपल्या संग्रहातले स्विस बनावटीचे स्वयंचलित घड्याळ 28,000 रुपयांना विकत होते. आत ईटीए कंपनीचे 2824-2 मशीन होते: 25 ज्वेल, तासाला 28,800 ठोके, सुमारे 38 तासांची चाल. चार दशकांहून अधिक काळ बनत आलेले हे मशीन इतक्या ब्रँडांनी वापरले आहे की त्याची चाके न पाहिलेला घड्याळजी सापडणे कठीण. ईटीएने बाहेरच्यांना होणारा पुरवठा आवळला तेव्हा सेलिटा कंपनीचे एसडब्ल्यू 200 हे त्याच रचनेवर बेतलेले मशीन पुढे आले आणि त्याचे बरेच भाग 2824-2 ला चालतात, त्यामुळे भागांची चिंता तशी कमी. या मशीनच्या चार प्रती निघतात. साधी प्रत दोन स्थितींमध्ये, म्हणजे घड्याळ दोन वेगवेगळ्या बाजूंनी धरून, जुळवलेली असते, त्यावरची ‘एलाबोरे’ तीन, तर ‘टॉप’ पाच. चौथी क्रोनोमीटर प्रत प्रमाणपत्रासाठी बाहेर तपासायला पाठवली जाते. विक्रेत्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे घड्याळ ‘टॉप’ प्रतीचे होते आणि दोन वर्षांपूर्वी सर्व्हिस झाले होते. सोबत त्यांनी टाइमग्राफरचा फोटो पाठवला: अधिक 4 सेकंद, झोका 301 अंश, बीट एरर 0.1 मिलिसेकंद. हा फोटो पाहून सर जवळजवळ पैसे पाठवायलाच निघाले होते.

पहिला निर्णयबिंदू: फोटोवर किती विसंबायचे

टाइमग्राफर तीन गोष्टी सांगतो. दिवसाचा फरक हा पहिला आकडा. दुसरा झोका: बॅलन्स व्हील मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती अंश फिरते ते. तिसरा बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यामधल्या अंतरातला फरक. पहिला आकडा बॅलन्सवरची एक बारीक कळ सरकवून हवा तसा करता येतो. बाजारात याला ‘फास्ट-स्लो करणे’ म्हणतात आणि त्याला पाच मिनिटे पुरतात. झोका मात्र असा सरकवता येत नाही. मेनस्प्रिंगची, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगची, ताकद चाकाचाकांतून झिरपत बॅलन्सपर्यंत किती पोहोचते याचे ते माप असल्याने सुकलेले तेल, चाकांच्या आसांची घासलेली टोके, थकलेली स्प्रिंग यांतले काहीही असले तरी ते झोक्यात उतरते.

फोटोतला झोका उत्तम होता, पण त्यावर दोन गोष्टी दिसत होत्या. यंत्रावर लिफ्ट अँगल 52 अंश ठेवलेला होता आणि 2824-2 साठी तो 50 हवा. मशीनच्या रचनेनुसार ठरणारा हा कोन यंत्राला आपण सांगायचा असतो आणि दाखवलेला झोका त्याच प्रमाणात फुगतो किंवा आटतो; म्हणजे 301 चे खरे 289 झाले. फरक किरकोळ होता आणि त्यात लबाडी नव्हती, कारण बहुतेक यंत्रे सुरू होतानाच 52 दाखवतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती: फोटो एकच होता. घड्याळ पूर्ण चावीवर, तबकडी वर करून, आडवे ठेवलेले. कोणत्याही घड्याळाची ही सर्वांत सुखाची अवस्था असते.

आम्ही विक्रेत्यांकडे पैशांऐवजी वेळ मागितला. सरांनी 28,000 रुपये अनामत म्हणून द्यायचे, घड्याळ तीन दिवस आमच्याकडे राहील, आणि पटले नाही तर रक्कम परत, असे ठरले. विक्रेते सज्जन होते. त्यांनी दोन ओळींच्या पावतीवर सही केली. हे मान्य करणारा विक्रेता प्रत्येक वेळी भेटत नाही, पण मागून पाहण्यात काहीच जात नाही, आणि नकार आला तर तीही एक माहितीच असते.

तीन दिवसांची तपासणी

रविवारी संध्याकाळी घड्याळ पूर्ण चावी देऊन तासभर स्वस्थ ठेवले आणि रात्री नऊ वाजता पाच स्थितींमध्ये मोजले. तबकडी वर असताना अधिक 5 सेकंद आणि झोका 284 अंश, फोटोशी मिळताजुळता. तबकडी खाली केल्यावर अधिक 8, पण झोका 251. चावी खाली ठेवून उभे धरले तेव्हा उणे 7 आणि 231. चावी डावीकडे असताना उणे 4 आणि 228. चावी वर असताना अधिक 2 आणि 236.

सरांचे लक्ष सेकंदांवर होते, आणि सेकंद वाईट नव्हते. माझे लक्ष 284 आणि 251 या जोडीवर गेले. आडव्या दोन स्थितींमध्ये बॅलन्स आपल्या आसाच्या एकाच टोकावर उभे असते, फक्त टोक बदलते: तबकडी वर असताना मागच्या झाकणाकडचे टोक भार घेते, तबकडी खाली असताना तबकडीकडचे. दोन्ही टोके सारखीच असल्याने या दोन आकड्यांत फारसे अंतर पडू नये. येथे 33 अंशांचे अंतर होते. म्हणजे तबकडीकडचे टोक किंवा त्याखालचे ज्वेल यांत काहीतरी अडत होते, आणि फोटो नेमक्या त्याच स्थितीत काढला होता जिच्यात हे टोक मोकळे असते.

सोमवारी रात्री, 24 तासांनी, तबकडी वर असताना झोका 239 होता. उभ्या स्थितीत तो 186 अंशांवर उतरला आणि घड्याळ दिवसाला 21 सेकंद मागे पडू लागले. पूर्ण चावीनंतर चोवीस तासांनी उभ्या स्थितीतला झोका 200 च्या खाली गेला तर सर्व्हिसची वेळ झाली असे समजण्याची पद्धत आहे. मंगळवारी पहाटे सहाच्या सुमारास, 33 तासांनी, घड्याळ थांबले. 38 अपेक्षित होते.

पुढची चाचणी सरांनी स्वतः सुचवली आणि ती मला फार आवडली. घड्याळ थांबलेलेच असल्याने त्यांनी चावी न देता ते मंगळवारी सकाळी आठ वाजता हातात घातले, दिवसभर नेहमीसारखे वापरले आणि संध्याकाळी सहाला काढून ठेवले. हाताच्या हालचालीने स्प्रिंग किती भरते ते पाहायचे होते. बुधवारी सकाळी काटे पाचला दहा मिनिटे कमी असताना थांबलेले दिसले. बंद पडलेले घड्याळ आपल्या बंद पडण्याची वेळ स्वतःच सांगते ही मोठी सोय. दहा तास हातात राहूनही काढून ठेवल्यावर ते जेमतेम अकरा तास चालले होते. कारण चावी देताना कानाला जाणवले: चावी फिरवताच आतला रोटरही, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरून स्प्रिंग भरणारे वजनही, भिरभिरल्याचा आवाज येत होता. 2824 मध्ये रोटरची दोन्ही दिशांची हालचाल एकाच दिशेला वळवणारी दोन उलटी चाके असतात. ती कोरडी पडली की सुटायच्या वेळी सुटत नाहीत आणि चावीसोबत रोटरलाही ओढतात. स्वयंचलित घड्याळ घेताना हा आवाज कान देऊन ऐकावा, त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

एक चकवा

बुधवारी संध्याकाळी किमतीची बोलणी सुरू करण्यापूर्वी आकडे पुन्हा पडताळावेत म्हणून घड्याळ परत टाइमग्राफरवर ठेवले, तर ते दिवसाला 43 सेकंद पुढे धावत होते. सरांचा चेहरा उतरला. आता हे घ्यायचेच नाही, असे ते म्हणाले, आणि त्या क्षणी व्यवहार मोडला असता. पण तीन दिवसांपूर्वीच अधिक 5 दाखवणाऱ्या घड्याळाने एका रात्रीत असे उसळावे याला झीज किंवा तेल कारण असू शकत नाही. रात्री घड्याळ कुठे ठेवले होते असे विचारल्यावर उत्तर मिळाले: टॅब्लेटच्या कव्हरवर. त्या कव्हरच्या कडेला चुंबक होते. सरांनी महाविद्यालयातून चुंबकसूची आणली, घड्याळ जवळ नेताच ती वळली. बॅलन्सला मागेपुढे झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकामुळे एकमेकांना चिकटली की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे धावते. विचुंबक करणाऱ्या छोट्या यंत्रावरून एकदा फिरवल्यावर घड्याळ अधिक 6 वर आले.

हा प्रसंग मी मुद्दाम नोंदवत आहे. अधिक 4 या आकड्याने सर चुकीच्या कारणासाठी घड्याळ घेणार होते आणि अधिक 43 या आकड्याने चुकीच्या कारणासाठी नाकारणार होते.

झाकण उघडल्यावर

विक्रेत्यांची फोनवर परवानगी घेऊन बुधवारी रात्रीच पेठेतल्या एका वयस्कर घड्याळजींकडे झाकण उघडले. काकांनी डोळ्याला भिंग लावून आधी झाकणाची आतली बाजू पाहिली. घड्याळजी सर्व्हिस केल्यावर तेथे सुईने बारीक खूण कोरून ठेवतात. एकच खूण होती: 8-17. म्हणजे शेवटचे खरे सर्व्हिसिंग ऑगस्ट 2017 मधले असावे. नंतर बॅलन्सवरची कळ पाहिली. ती अधिकच्या बाजूला बरीच रेटलेली होती. झोका कमी झाल्यामुळे मागे पडू लागलेले घड्याळ कोणीतरी कळ सरकवून ‘वेळेवर’ आणले होते, दुखणे मात्र तसेच राहिले होते. शॉकपासून जपणारी स्प्रिंग ‘टॉप’ प्रतीत असते तशी इंकाब्लॉक प्रकारची नव्हती, तेव्हा ‘टॉप’ प्रतीचा दावाही टिकला नाही. मशीन साध्या किंवा ‘एलाबोरे’ प्रतीचे असणार. गंज मात्र कुठेही नव्हता, स्क्रूंच्या खाचा स्वच्छ होत्या, सगळे भाग मूळचे होते.

विक्रेत्यांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प झाले आणि मग म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी दुकानात दिलं होतं खरं, पण त्यांनी बहुतेक फास्ट-स्लोच करून दिलं असेल. पावती मी मागितलीच नाही.” खोटे कोणी बोलले नव्हते. विकणाऱ्याचा समज आणि मशीनची अवस्था यांत सुमारे चार वर्षांचे अंतर पडले होते, एवढेच.

दुसरा निर्णयबिंदू: घ्यावे की सोडावे

आता तीन वाटा होत्या. घड्याळ परत करून नवे जपानी घ्यायचे, हा सर्वांत निर्धास्त मार्ग होता. 28,000 ला आहे तसे घेऊन सर्व्हिस करायचे, तर खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर जात होता. तिसरी वाट किंमत कमी करून घेण्याची.

माझे मत तिसऱ्या वाटेच्या बाजूने पडले आणि त्यामागचा विचार असा होता. आढळलेले सगळे दोष कोरडेपणाचे होते. तेल सुकल्याने उतरलेला झोका आणि अडखळणारी उलटी चाके हे सफाईने व तेलाने बरे होणारे दुखणे आहे, आणि या मशीनचे ज्ञान व भाग दोन्ही हाताशी होते. एचएमटीच्या त्या नगात उलट होते: दोष गंजाचे आणि परक्या भागांचे होते, जे कितीही तेल घातले तरी जात नाहीत. झोका दोन्हींचा कमी आला होता, पण कारणे वेगळी होती. एक धोका मात्र उघड होता. तबकडीकडचे टोक फक्त माखलेले आहे की घासले गेले आहे, हे पूर्ण सुटे केल्याशिवाय कळणार नव्हते. घासलेले निघाले तर बॅलन्स बदलावे लागले असते.

काकांनी सर्व्हिसिंगचे 4,500 आणि लागल्यास भागांचे 2,000 असा अंदाज दिला. तो तसाच विक्रेत्यांपुढे ठेवून सरांनी 21,500 रुपये देऊ केले. विक्रेत्यांनी एक रात्र मागून घेतली आणि गुरुवारी होकार दिला.

परिणाम

मे महिन्यात सर्व्हिसिंग झाले. तबकडीकडच्या ज्वेलवर तेलाचा घट्ट पिवळा थर होता आणि बॅलन्सचे त्या बाजूचे टोक भिंगाखाली किंचित चपटे दिसत होते. ते तसेच ठेवायचे ठरले. मेनस्प्रिंग बदलली, उलटी चाके धुऊन त्यांवर योग्य द्रव चढवला, आणि कळ मधोमध आणून चाल नव्याने जुळवली. एकूण 5,600 रुपये लागले. नंतरचे आकडे: तबकडी वर 290, तबकडी खाली 279, उभ्या स्थितींमध्ये 256 ते 263, चोवीस तासांनी उभ्या स्थितीत 222. पाच स्थितींमधला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक 9 सेकंद. चाल 39 तास. चपट्या टोकाचे 11 अंश मात्र अजून दिसतात.

एवढ्यावर प्रकरण संपले असते तर बरे झाले असते. जुलैमध्ये सर रत्नागिरीला एका लग्नसंबंधाच्या बोलणीसाठी गेले, दोन दिवस पावसात फिरले आणि परतताना काचेच्या आतून बाष्प धरलेले दिसले. घड्याळ त्याच दिवशी काकांकडे गेले म्हणून मशीन वाचले, पण चावीच्या दांडीवर गंजाचा पहिला ठिपका पडलाच होता. दांडी, चावीतली आणि झाकणाची रबरी कडी बदलून पाण्याच्या दाबाची चाचणी करायला आणखी 1,300 रुपये लागले. मे महिन्यात या कड्या कोणी पाहिल्याच नव्हत्या. काकांनी विचारले होते, कड्या बदलू का. मीच म्हणालो होतो, पाण्यात कोण घालणार आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक माझी, आणि ती वर सांगितली तीच. तीन दिवस मी मशीन तपासत बसलो आणि ते ज्या डब्यात राहते तो डबा पाहिला नाही. कोकणातल्या किंवा घाटावरच्या पावसाळ्यात राहणाऱ्या माणसासाठी रबरी कडीचे वय हा मशीनच्या भरवशाचाच भाग धरायला हवा होता, आणि दाबाची चाचणी खरेदीपूर्वी करून तो खर्चही किमतीतून वजा करता आला असता.

दुसरे, तपासणीचा क्रम उलटा असता तर बरे. झाकण उघडणे आम्ही शेवटी ठेवले, कारण परक्या वस्तूला हात लावण्याचा संकोच होता. रविवारीच काकांकडे गेलो असतो तर 8-17 ही खूण आणि रेटलेली कळ दहा मिनिटांत दिसली असती आणि पुढच्या मोजमापांत नेमके काय शोधायचे ते आधीच कळले असते. अर्थात खूण नसणे म्हणजे सर्व्हिस न झालेले असणे असे नाही, सगळे घड्याळजी खूण करत नाहीत. पण या वेळी ती होती.

तिसऱ्या बाबतीत सर आणि मी अजून सहमत नाही. चपटे टोक दिसले तेव्हाच बॅलन्स बदलायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. घड्याळ उघडलेलेच होते, मजुरी वाचली असती. माझ्या मते 279 अंश झोका देणाऱ्या बॅलन्सला हात लावणे म्हणजे बरे चाललेले काम बिघडवणे, आणि नवे बॅलन्स जुळवताना होणाऱ्या चुकांची शक्यताही मोजायला हवी. पुढच्या सर्व्हिसिंगला, म्हणजे 2028 च्या सुमारास, तबकडी खालीचा आकडा 265 च्या खाली आला असेल तर त्यांचे बरोबर. तोपर्यंत सर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजमाप पाठवतात. शेवटचा आकडा 277 होता.